वृद्धांचे बाधिर्य : कर्णयंत्राची निवड आणि वैद्याचे उत्तरदायित्व



वार्धक्यात वायूचे प्राबल्य वाढते आणि आकाश महाभूताशी निगडित असलेले श्रोत्रेंद्रिय त्या वायूच्या आघाताला सर्वप्रथम बळी पडते, हे आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले, त्यांत बाधिर्याला स्वतंत्र स्थान दिले आणि केवळ वायू अथवा कफानुगत वायू शब्दवह मार्गात अडून बसतो अशी संप्राप्ती वर्णिली. एवढे सर्व ज्ञात असूनही, ऐंशीच्या घरातील वडिलांना घेऊन मुलगा चिकित्सालयात येतो आणि "यांना कानाचे मशीन घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?" असे विचारतो, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : "आधी काही महिने तेल घालून पाहू." प्रस्तुत लेखाचा रोख या वाक्यावर आहे.

चरकाचार्यांनी नित्य कर्णतर्पणाचे फळ सांगताना उच्चैःश्रुती आणि बाधिर्य ही दोन पदे निरनिराळी योजली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मोठ्याने बोलल्यावरच ऐकू येणे वेगळे आणि ऐकूच न येणे वेगळे, हा विवेक त्या काळीही होता. दुसरी गोष्ट अशी की, हे वचन सूत्रस्थानात, स्वस्थवृत्ताच्या संदर्भात आले आहे. नित्य तर्पण करणाऱ्यास हे विकार होत नाहीत, असा त्याचा आशय आहे. झालेले बाधिर्य तेलाने परतते असे तेथे म्हटलेले नाही. वृद्धांचे आणि जुनाट बाधिर्य वर्ज्य, म्हणजे असाध्य, मानण्याची आपल्याकडील परंपरा तर सर्वांना परिचित आहे. मग जे ग्रंथ आपण प्रमाण मानतो, त्यांनीच असाध्य ठरविलेल्या अवस्थेत रुग्णाला सहा-सहा महिने आशेवर ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत बहिरेपणाचा समावेश आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणे कायद्याने निषिद्ध आहे. जाहिरात करता येत नाही तेच आश्वासन चिकित्सालयातील खुर्चीत बसून दिले, तर ते शास्त्रीय ठरत नाही.

याचा अर्थ वैद्याला येथे काम नाही असा मुळीच नाही. उलट पहिले काम त्याचेच आहे. कान तपासून कर्णगूथ साचले आहे काय हे पाहणे, कारण नुसत्या मळानेही ऐकणे बरेच मंदावते आणि तो काढल्याशिवाय केलेली श्रवणचाचणी फसवी निघते. कानातून स्राव असेल किंवा पडद्याला छिद्र असण्याची शंका असेल, तर कर्णपूरण सर्वथा टाळावे. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी अशी : एखाद्याला दोन-तीन दिवसांत, विशेषतः एकाच कानाने, अचानक ऐकू येईनासे झाले, तर तो वार्धक्याचा बहिरेपणा नव्हे. तशा रुग्णास त्याच दिवशी कर्णरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे उपचाराची संधी पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक असते, आणि नेमके तेच दिवस बिल्वतेलात जातात.

ओझर परिसरातील वैद्यांना हा विषय परका नाही. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे आला आणि गावाच्या नावालाच मिग हे बिरुद चिकटले. विमानबांधणी, यंत्रशाळा आणि लहानमोठे कारखाने यांत उमेदीची वर्षे घालवलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. दुसरीकडे निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत ट्रॅक्टर व फवारणीचा ब्लोअर चालवणारे शेतकरी कानाला काहीही न लावता तासन्‌तास काम करतात. दीर्घकाळच्या गोंगाटाने प्रथम उच्च स्वर, साधारणतः चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे, ऐकू येईनासे होतात. वय त्यात भर घालते. म्हणून हे रुग्ण सांगतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." स्वर ऐकू येतात, परंतु स, श, फ, त, ख ही व्यंजने गळून पडतात. मग साखर आणि भाकर यांत भेद उरत नाही. आपल्या व्यवसायात तर याचा प्रत्यय पदोपदी येतो. आपण "मधातून घ्या" म्हणतो, आजोबा मान डोलावतात आणि घरी जाऊन ते औषध दुधातून घेतात. अनुपानच बदलल्यावर औषधाला दोष देण्यात अर्थ नाही. अशा रुग्णास मात्रा व अनुपान मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यावे.

आता यंत्राच्या निवडीकडे वळू. मुलांची पहिली मागणी बहुधा "दिसणार नाही असे" यंत्र हवे, अशी असते. वडिलांपेक्षा मुलांनाच त्या यंत्राची लाज अधिक वाटते, असा माझा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालातील वर्गीकरणानुसार ६५ ते ८० डेसिबलपर्यंतची हानी तीव्र आणि त्यापुढील अतितीव्र. अशा कानाला कानाच्या पोकळीत दडणारे चिमुकले यंत्र सहसा पुरे पडत नाही. येथे कानामागे बसणारे, अधिक शक्तीचे यंत्र आणि कानाच्या मापाने तयार केलेला साचा लागतो. साचा सैल असला की बाहेर निसटलेला आवाज पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. पुष्कळ घरांत यंत्र कपाटात जाऊन पडते ते या शिट्टीमुळे. दोष यंत्राचा नसतो, साच्याचा असतो, आणि साचा बदलून घेता येतो हे कोणी सांगितलेले नसते.

दुसरा आग्रह असतो तो किमतीचा : महाग ते चांगले. विक्रेता चॅनेलांची संख्या सांगतो, मुलगा भारावून जातो. तीव्र श्रवणहानीत यंत्र पुरेशी शक्ती देते का, आणि हलका आवाज वाढवताना मोठा आवाज आवरते का, हे प्रश्न आधी विचारावेत. या रुग्णांच्या कानाची सहनशक्तीही आक्रसलेली असते. हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि थोडे ओरडले की "केवढ्याने ओरडतोस!" म्हणून तेच रागावतात. घरच्यांना हा तऱ्हेवाईकपणा वाटतो; वस्तुतः ते कर्णविकाराचेच लक्षण आहे. अमेरिकेत २०२२ पासून चिठ्ठीविना कर्णयंत्रे दुकानात मिळू लागली, याचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. ती मुभा केवळ सौम्य व मध्यम श्रवणहानी असलेल्या प्रौढांपुरती आहे, हे मात्र सांगितले जात नाही.

श्रवणचाचणीत नुसता आलेख पाहून भागत नाही. सुखकर पातळीवर आवाज दिला असता किती शब्द उमजतात, हेही मोजले जाते, आणि ती चाचणी रुग्णाच्या मातृभाषेतील शब्दांनीच झाली पाहिजे. जन्मभर मराठी बोललेल्या आजींना हिंदी शब्द ऐकवून काढलेला निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही. शब्द फारच थोडे उमजत असतील तर उत्तमोत्तम यंत्रही मर्यादितच उपयोगी पडते. अशा वेळी अंतःकर्णरोपणाचा, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटचा, विचार तज्ज्ञांपुढे ठेवावा. वय अधिक असणे एवढेच त्याला प्रतिबंधक नसते. शक्य तेथे दोन्ही कानांना यंत्र असावे. एकच परवडत असेल तर घरची मंडळी अधिक बहिरा कान पुढे करतात. सामान्यतः ज्या कानाने शब्द अधिक उमजतात त्या कानाला अग्रक्रम देणे श्रेयस्कर.

रुग्णाचा हात कापतो का, बोटांना बारीक सेल जाणवतो का, चष्म्याची काडी कानामागे किती जागा अडवते, आजोबा फेटा बांधतात का, आजी डोक्यावरून पदर घेतात का आणि कानात वेल घालतात का, या गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. फेट्याची वा पदराची घसट यंत्रावर झाली की खरखर ऐकू येते. बोटे फारच कापत असतील तर विद्युत्‌भारित होणारे यंत्र पाहावे, किंवा खिशात ठेवावयाचे जुन्या पद्धतीचे पेटीयंत्रही हिणवू नये. त्याची शक्ती भरपूर, बटणे मोठी आणि किंमत अल्प असते. कपड्याच्या घर्षणाचा आवाज हा त्याचा दोष, तो मान्य करून घ्यावा लागतो.

यंत्र बसवून देणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला श्रवणतज्ज्ञ आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. घरी काही दिवस वापरून पाहण्याची सवलत, फेरजुळणीच्या भेटी आणि नाशिकमध्ये दुरुस्तीची सोय या तीन बाबी बिल देण्यापूर्वी लेखी घ्याव्यात. मेंदूला या नव्या आवाजाची सवय होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. पहिल्या दिवशी शांत खोलीत, एकाच माणसाशी, समोरासमोर बोलण्यापासून प्रारंभ करावा. चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांच्या यात्रेत यंत्र लावून नेले आणि "काही कळत नाही" म्हणून ते कायमचे काढून ठेवले, असे होऊ देऊ नये. गर्दीत शब्द वेचणे निरोगी कानालाही जड जाते.

औषधविक्रेत्या सभासदांना दोन शब्द. "आवाज वाढवणारे" म्हणून मिळणारे स्वस्त उपकरण तीव्र बहिऱ्या वृद्धाला फळीवरून काढून देऊ नका. विकायचेच तर सेल ठेवा. खेड्यांत यंत्र बंद पडते ते अनेकदा सेलावाचून. शक्तिशाली यंत्रांना बहुधा निळ्या पट्टीचा ६७५ किंवा नारिंगी पट्टीचा १३ क्रमांकाचा झिंक-एअर सेल लागतो. पट्टी काढताच त्यात हवा शिरते आणि तो झिजू लागतो. म्हणून पट्टी आधी काढून ठेवू नये आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवावा. पावसाळ्यात यंत्र रात्री शोषकाच्या डबीत ठेवण्यास सांगा. आणि कानात टाकावयाचे कोणतेही तेल देताना विचारा, "कानात मशीन घालता का?" तेल साच्याच्या नळीत गेले की आवाज बंद. कर्णपूरण करावयाचेच असेल, तर ते वैद्याच्या सल्ल्याने, यंत्र काढून, आणि कान पूर्ण पुसून कोरडा झाल्यावरच यंत्र पुन्हा घालावे.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तीस तीन हजार रुपये एकदाच देण्याची तरतूद झाली. तीव्र श्रवणहानीस योग्य अशा कानामागील यंत्राला ही रक्कम अपुरी आहे, आणि आपल्या संघटनेने हे शासनापुढे मांडले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असणारी व्यक्ती कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल हानी असणारी व्यक्ती ऐकू कमी येणारी म्हणून गणली जाते. आपल्याकडे येणाऱ्या कित्येक वृद्धांना असे प्रमाणपत्र मिळू शकते, याची त्यांना कल्पनाही नसते. श्रवणचाचणीचा आलेख हाती आला की त्याची एक प्रत रुग्णपत्रिकेत लावून घ्यावी आणि प्रमाणपत्राच्या अर्जाविषयी त्याच भेटीत सांगावे.