जोडी मैदानावर, बोली एकेकट्यावर

फरीदाबादच्या नाहरसिंह स्टेडियमवर ३१ मार्च २००६ रोजी इंग्लंडच्या २२६ धावांचा पाठलाग करताना भारताचा निम्मा संघ शंभर धावांच्या आतच तंबूत परतला होता. त्या वेळी मैदानावर एकत्र आले गाझियाबादचा १९ वर्षांचा डावखुरा सुरेश रैना आणि रांचीचा महेंद्रसिंह धोनी. दोघांनी शतकी भागीदारी रचली. धोनी ३८ धावांवर बाद झाला, रैना ८१ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने चार गडी राखून विजय मिळवला.

डावखुरा आणि उजवा फलंदाज एकत्र असले की गोलंदाजाला दिशा वारंवार बदलावी लागते. या जोडीचे खरे बळ मात्र धावपट्टीवरील धावण्यात होते. हाक पूर्ण होण्याआधीच दुसरा निघालेला असे. १४ मार्च २०१५ रोजी ऑकलंड येथे विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ४ बाद ९२ होती. तेथून दोघांनी १९६ धावांची अभेद्य भागीदारी करून २८८ धावांचे लक्ष्य गाठले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशा समजुतीवर संपूर्ण खेळच उभा आहे. क्वार्टरबॅक पुष्कळदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू फेकतो. तो फेकला जातो रिसीव्हर आहे तेथे नव्हे, तर क्षणभराने तो जेथे पोहोचेल तेथे. पेटन मॅनिंग आणि मार्विन हॅरिसन यांनी इंडियानापोलिस कोल्ट्सकडून १९९८ ते २००८ या काळात साखळी सामन्यांत ११२ टचडाउन केले. कोणत्याही जोडीसाठी हा विक्रम आहे. अकरा हंगाम एकत्र खेळल्याविना तो शक्य नव्हता.

तथापि, व्यावसायिक खेळात करार जोडीशी होत नाही. अमेरिकेत १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा आहे, तर आयपीएलच्या मोठ्या लिलावापूर्वी मोजकेच खेळाडू राखता येतात. २०२२ च्या लिलावाआधी ही संख्या चार होती. चेन्नईने धोनीला राखले, रैनाला नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी काही मिनिटांच्या अंतराने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर करणारे हे दोघे असे वेगळे झाले. त्यापूर्वी चेन्नईवरील दोन वर्षांच्या बंदीमुळे, २०१६ मध्ये, एक पुण्याचा तर दुसरा गुजरातचा कर्णधार झाला होता. ती ताटातूट तात्पुरती ठरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र बंगळुरूच्या लिलावात रैनावर कोणीही बोली लावली नाही. त्याची फलंदाजी तोवर उतरणीला लागली होती, हे मान्य करावे लागेल. संघाचा हिशेब चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्या हिशेबात जोडीसाठी रकाना नव्हता, एवढेच.

योगायोगाने पुढच्याच महिन्यात अमेरिकेतही एक गाजलेली जोडी फुटली. ग्रीन बे पॅकर्समध्ये आरन रॉजर्सचा हक्काचा रिसीव्हर असलेला डावांटे अ‍ॅडम्स लास व्हेगास रेडर्सकडे गेला. तेथे फ्रेस्नो स्टेट विद्यापीठातील त्याचा जुना जोडीदार, क्वार्टरबॅक डेरेक कार, होता. ही पुनर्भेट एकच हंगाम टिकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कारला संघाने मुक्त केले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने अ‍ॅडम्सला घेतले आणि रॉजर्ससोबत त्याची गाठ पुन्हा घालून दिली. तेव्हा रॉजर्स चाळीस वर्षांचा होता. जेट्सने हंगामात ५ सामने जिंकले, १२ गमावले. २०२५ मध्ये रॉजर्स पिट्सबर्गला आणि अ‍ॅडम्स लॉस एंजेलिसला गेला.

बल्लभगडच्या राजाचे नाव धारण करणाऱ्या फरीदाबादच्या मैदानावर १९८८ पासून आठ एकदिवसीय सामने झाले. रैना-धोनीच्या भागीदारीचा तो सामना त्यातला शेवटचा ठरला.