कोंड्याचा मांडा होईल, पण त्याच दिवशी हालचाल केली तर

लोधिवली (ता. खालापूर) : भात झोडून झालं की गिरणीवर पोत्यांची रांग लागते. तांदूळ घरी येतो, तूस जाळायला जातं. कोंडा मात्र बऱ्याचदा भरडाईच्या पैशात गिरणीवरच राहतो, नाहीतर गुरा-कोंबड्यांपुढे पडतो. 100 किलो भात भरडलं तर साधारण 20 किलो तूस आणि 7-8 किलो कोंडा निघतो. भाताच्या दाण्यातला बराचसा कस याच 7-8 किलोत असतो.

कोंड्यात आहे तरी काय?

कोंड्यात 15 ते 20 टक्के तेल असतं. शिवाय ई जीवनसत्त्व, फेरुलिक आम्ल आणि ओरायझनॉल असतं. ही तिन्ही अँटीऑक्सिडंट, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणारी द्रव्यं. ओरायझनॉल हे नावच भाताच्या 'ओरायझा' या शास्त्रीय नावावरून पडलं. 1950 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ते कोंड्याच्या तेलातून वेगळं केलं. त्याआधी 1890 च्या दशकात जावा बेटावर डॉ. आइकमन यांना दिसलं होतं, की पांढऱ्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सावरतात. त्यांना 1929 मध्ये नोबेल मिळालं.

कोंड्याच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, असंही प्रयोगशाळेत दिसलंय. पण अर्क वेगळा आणि पोत्यातला कोंडा वेगळा. त्यामुळे कोंडा हे औषध समजून जखमेला लावू नये की आजारावर घेऊ नये.

घोडं कुठे अडतं?

दाण्यात तेल आणि ते फोडणारं लायपेज हे विकर वेगवेगळ्या थरांत असतं. भरडताना दोन्ही एकत्र येतात आणि तासाभरातच तेल बिघडायला लागतं. अँटीऑक्सिडंट असूनही हे थांबत नाही, कारण लायपेजला ऑक्सिजनची गरजच नसते. त्याला थोपवते ती उष्णता. म्हणून तेल कारखान्यांना ताजा किंवा लगेच वाफवलेला कोंडा लागतो. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच निघतो, तो माल तेलाच्या कामाचा नाही. रबर शेलरच्या गिरणीत दोन्ही वेगळे होतात.

बाजारही सरकारी निर्णयावर हलतो. जनावरांचं खाद्य आणि दूध महागलं म्हणून केंद्राने जुलै 2023 मध्ये तेल काढलेल्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती ऑक्टोबर 2025 मध्ये उठवली. एवढी उलाढाल ज्या मालावर होते, तो आपल्याकडे भरडाईत वळता होतो.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-3, कर्जत-7 सारख्या जाती दिल्या. भाताचं पीक वाढलं, कोंड्याचा हिशोब मात्र कुणी धरला नाही. एकट्या शेतकऱ्याच्या दोन पोत्यांसाठी तेल कारखान्याची गाडी येणार नाही. पाच-सहा गावांच्या बचत गटांनी किंवा शेतकरी कंपनीने शेलर आणि कोंडा तापवायचं यंत्र मिळून घेतलं, तरच सौदा जमेल. घरापुरता उपाय त्याहून सोपा आहे. गिरणीवाल्याला पॉलिश कमी मारायला सांगायचं आणि तांदूळ थोडा थोडा भरडून आणायचा. जास्त दिवस ठेवला तर तोही खवट होतो. भरडाईचे पैसे रोख द्यायचे की कोंड्यात, हे पोतं गिरणीवर उतरवण्याआधीच ठरवावं.