विश्लेषण : ‘डीबंक’चा आजोबा ‘बंकम’ आला कुठून?

एखादा दावा तपासून खोटा ठरवला, की बातमीत ‘डीबंक’ हा शब्द हमखास येतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांमुळे तो मराठी वाचकांनाही ठाऊक झाला. त्याचा आजोबा ‘बंकम’ मात्र आता इंग्रजीतही जुनाट वाटतो. अर्थ : बाष्कळ बडबड, पोकळ बाता.

हे तर गावाकडचे नाव...
अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बंकम नावाची काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आजही आहे. ॲशव्हिल हे तिचे मुख्य ठिकाण. फेब्रुवारी १८२० मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात मिसुरीचा प्रश्न तापला होता. या नव्या राज्याला गुलामगिरीसह संघराज्यात घ्यायचे की नाही, यावर उत्तर आणि दक्षिण समोरासमोर उभे होते. चर्चा लांबलेली, सदस्य मतदानासाठी उतावीळ. तेवढ्यात फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. सहकाऱ्यांनी विनवले, आरडाओरडा केला. वॉकर ऐकेनात. आपल्याला बंकमसाठी बोलणे भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. ही काउंटी त्यांच्याच मतदारसंघातली.

‘बंकमसाठी बोलणे’ हा वाक्प्रचारच झाला. पुढे स्पेलिंग बदलले, मग शब्द आखडून ‘बंक’ उरला. हेन्री फोर्ड यांनी १९१६ मध्ये इतिहासाची बोळवण याच शब्दाने केली. १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड यांच्या ‘बंक’ या कादंबरीतून ‘डीबंक’ आला. (लेक्चर ‘बंक’ करणे वेगळे, त्यात वॉकर यांचा दोष नाही.)

थापेपेक्षा वेगळे काय?
बंकम खोटेच असते असे नाही. वॉकर यांनी कोणाला फसवले नव्हते. पण समोर बसलेल्यांना पटवण्याचा त्यांचा इरादाच नव्हता, आणि विषय होता हजारो माणसांच्या गुलामीचा. रिकाम्या बाकांसमोर, कॅमेऱ्याकडे पाहून केलेले आणि संध्याकाळी रील होऊन मतदारसंघात पोहोचणारे भाषण याच जातीचे. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर असू शकतो, त्यामुळे फॅक्ट-चेक करणाऱ्यांच्या जाळ्यात ते सापडत नाही. वॉकर यांनी निदान आपण कोणासाठी बोलतो आहोत, हे सहकाऱ्यांच्या तोंडावर सांगितले होते.