निदेशकाचे प्रमाणपत्र : शुल्क कमी, मोल किती?

देशातील १,००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजेच आयटीआयचा, दर्जा उंचावण्यासाठी ६० हजार कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मे २०२५ रोजी मंजुरी दिली. अशी घोषणा झाली की चर्चा साहजिकच नव्या यंत्रसामग्रीची आणि उद्योगांच्या सहभागाची होते. याच निर्णयात ५० हजार प्रशिक्षकांना सेवापूर्व आणि सेवांतर्गत प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. कार्यशाळेत यंत्रापाशी उभे राहून शिकविणारा माणूस कोठून येतो, त्याच्याकडे कोणती अर्हता असते आणि ती मिळविण्यासाठी त्याला काय मोजावे लागते, हे प्रश्न या तरतुदीमुळे पुढे आले आहेत.

हा माणूस बहुधा आयटीआयमधूनच आलेला असतो. जोडारी, कातारी किंवा वीजतंत्री हा व्यवसाय शिकून तो चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात चार-सहा वर्षे काढतो. पाळ्यांचे काम, कंत्राटाची अनिश्चितता आणि वाढते वय यांचा विचार करता शिकविण्याची नोकरी त्याला खुणावू लागते. नेमक्या याच टप्प्यावर थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत 'प्रशिक्षक' बनविण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्यातील प्रत्येक जाहिरात खोटी असते असे नव्हे. पण प्रशिक्षक या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या वजनाची प्रमाणपत्रे विकली जातात आणि त्यांतील फरक शुल्काच्या आकड्यावरून कळत नाही.

आयटीआयपुरता नियम स्पष्ट आहे. केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाच्या प्रत्येक व्यवसायाच्या अभ्यासक्रमात निदेशकाची पात्रता दिलेली असते. सर्वसाधारणपणे पदवीधराला एक वर्षाचा, पदविकाधारकाला दोन वर्षांचा आणि आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र असलेल्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय दोन निदेशकांच्या जोडीत एक पदवी किंवा पदविकाधारक आणि दुसरा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीतून आलेला असावा, असे बंधन आहे. राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र मात्र दोघांकडेही असलेच पाहिजे. आपल्याकडे अभियंता आणि कारागीर यांना एकाच पदावर, एकाच छपराखाली बसविणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. ही त्यांपैकी एक. कारागिराच्या वाट्याची ती खुर्ची या प्रमाणपत्राशी बांधलेली आहे आणि त्याचे खरे मोल येथेच आहे.

हे प्रमाणपत्र शिल्प निदेशक प्रशिक्षण योजनेतून, म्हणजेच सीआयटीएस या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातून मिळते. त्याची परंपरा जुनी आहे. निदेशक घडविण्याचे काम १९४८ मध्ये बिलासपूरजवळच्या कोनी येथे सुरू झाले. आज ते प्रामुख्याने राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालते. मुंबईत चुनाभट्टीला अशी संस्था असून महिलांसाठीची स्वतंत्र संस्था दादरला आहे. याखेरीज राज्य सरकारांच्या आणि खासगी संस्थांनाही महासंचालनालयाच्या संलग्नतेने हा अभ्यासक्रम चालविता येतो. सर्व व्यवसाय सर्व ठिकाणी नसतात, त्यामुळे आधी आपला व्यवसाय कोठे शिकविला जातो हे पाहावे लागते.

वर्षभर तेथे नेमके काय शिकवितात, असा प्रश्न कारखान्यातील अनुभवी माणूस हमखास विचारतो. कानस कशी धरायची हे त्याला पुन्हा शिकवायचे नसते. ती वीस नवख्या मुलांच्या हाती देण्यापूर्वी काय सांगायचे, प्रात्यक्षिक कोणत्या क्रमाने दाखवायचे, पाठाचा आराखडा कसा करायचा, मुलाने केलेल्या कामाला गुण देताना मापातील चूक आणि पद्धतीतील चूक वेगळी कशी करायची, हा प्रशिक्षणशास्त्राचा भाग तेथे असतो. व्यवसायाचे तंत्रज्ञानही वरच्या पातळीवर शिकविले जाते. उत्तम कारागीर उत्तम शिक्षक असतोच असे नाही, हे ज्याने एखाद्या कुशल पण अबोल मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी केली आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता खर्चाचा भाग. शासकीय संस्थांतील शिकवणी शुल्क खासगी संस्थांच्या मानाने कमी असते आणि त्यावरूनच हा अभ्यासक्रम स्वस्त ठरविला जातो. हा हिशेब अर्धवट आहे. महिना २० हजार रुपये कमाविणाऱ्या कामगाराने वर्षभर नोकरी सोडली, तर २ लाख ४० हजार रुपयांची कमाई बुडते. त्यात मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च मिळवला की शुल्क ही सर्वांत लहान रक्कम ठरते. म्हणूनच गावाजवळची खासगी संस्था जास्त शुल्क घेऊनही एखाद्याला एकूण खर्चात परवडू शकते. मात्र तिची संलग्नता आपल्याच व्यवसायासाठी आणि चालू सत्रासाठी आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीत तपासल्यावाचून पैसे भरू नयेत. एकदा कार्यशाळेत फेरी मारून येणेही इष्ट. यंत्रांवर धूळ असेल तर माहितीपुस्तिका वाचण्याची गरज उरत नाही.

जे आधीपासून आयटीआयमध्ये शिकवीत आहेत आणि ज्यांच्याकडे हे प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारा मार्ग आहे. अटी पूर्ण करणाऱ्या निदेशकाला नोकरी न सोडता परीक्षा देऊन तेच प्रमाणपत्र मिळविता येते आणि पात्रतेच्या नियमात दोन्ही प्रकारांना स्थान आहे. पैशांच्या दृष्टीने याहून किफायतशीर वाट नाही. तथापि, ही सवलत जुन्या, अनुभवी निदेशकांसाठी आहे. ती सर्रास कागदोपत्री उरकली जाऊ लागली, तर किंमत निदेशकाला नव्हे, लेथसमोर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला मोजावी लागेल.

प्रशिक्षकाचे दुसरे, अधिक झटपट प्रमाणपत्र आहे ते क्षेत्रीय कौशल्य परिषदांचे. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाल्यानंतर अल्पमुदतीच्या केंद्रांना प्रशिक्षकांची मोठी गरज भासू लागली. त्यासाठी विषयज्ञान आणि शिकविण्याचे कौशल्य अशा दोन्ही अंगांनी परीक्षा घेऊन परिषदा प्रशिक्षकांना प्रमाणित करतात. मुदत काही दिवसांची असते, त्यामुळे मजुरी फारशी बुडत नाही. सौंदर्यप्रसाधन, किरकोळ विक्री, रुग्णसेवा यांसारख्या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडते. पण ते ठरावीक मुदतीपुरते आणि ठरावीक कामापुरते असते. शिल्प निदेशक प्रमाणपत्राची जागा ते घेऊ शकत नाही, हे अनेकांना पैसे भरल्यानंतर कळते. अल्पमुदतीच्या केंद्रातील नोकरीही सरकारी उद्दिष्टांवर तरंगत असते. तुकडी मंजूर झाली की काम, दोन टप्प्यांमध्ये खंड पडला की प्रशिक्षक घरी. अल्प खर्चात मिळालेल्या प्रमाणपत्राचा परतावाही बहुधा त्याच मापाचा असतो.

या दोन्हींपलीकडे कोणत्याही मान्यतेविना दिली जाणारी 'प्रशिक्षक पदविका' नावाची चीजही बाजारात आहे. राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद २०१८ मध्ये अधिसूचित झाल्यापासून मान्यताप्राप्त अर्हता राष्ट्रीय नोंदवहीत पाहता येतात. तेथे नाव नसलेल्या कागदावर पैसा आणि वेळ घालविण्यात अर्थ नाही.

मग खरे प्रमाणपत्र हाती आल्यावर नोकरी लागते का? लगेच लागेलच असे नाही, आणि ही बाब प्रवेशापूर्वीच ध्यानात घेतलेली बरी. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आणि त्याहून जास्त खासगी आयटीआय आहेत. पण शासकीय भरती वर्षानुवर्षांच्या अंतराने निघते. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने २०२२ मध्ये १,४५७ शिल्प निदेशक पदांची जाहिरात काढली, तेव्हा हा आकडा मोठा वाटला. तो व्यवसायवार आणि प्रवर्गवार विभागला की एखाद्या उमेदवाराच्या वाट्याला मोजक्याच जागा उरतात. जोडारी आणि वीजतंत्री हे व्यवसाय बहुतेक संस्थांत असल्याने त्यांची संधी अधिक. दुर्मीळ व्यवसायाच्या निदेशकाला स्पर्धा कमी, पण जागाही बोटावर मोजण्याइतक्या.

भरतीच्या मधल्या काळात तासिका तत्त्वावर काम करणे किंवा खासगी आयटीआयचे तुटपुंजे वेतन स्वीकारणे हे पर्याय उरतात. मोठ्या कारखान्यांतील शिकाऊ उमेदवारांची प्रशिक्षण केंद्रे हा त्यामानाने बरा आणि दुर्लक्षित पर्याय आहे. तेथे कारखान्याचा अनुभव आणि शिकविण्याची अर्हता या दोन्हींना किंमत येते. शासकीय सेवेत शिरलेल्यांसाठी पुढची पायरी गटनिदेशकाची. म्हणूनच पंचविशीतील, जबाबदाऱ्या कमी असलेल्या कारागिराने एक वर्ष घालविणे आणि पस्तिशीतील, कायम नोकरी असलेल्याने ती सोडून तेच वर्ष घालविणे, हे निर्णय सारखे नाहीत. दुसऱ्याने घाई न केलेली बरी.

नव्या योजनेत प्रशिक्षकांसाठी ज्या पाच राष्ट्रीय संस्थांचा विस्तार होणार आहे, त्या भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथील आहेत. त्यांत मुंबई नाही. औद्योगिकदृष्ट्या अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याने याचा पाठपुरावा करायला हवा होता. विदर्भातील उमेदवाराची अडचण मात्र जुनीच आहे. नागपूरहून त्याला चुनाभट्टीपेक्षा हैदराबाद जवळ पडते. तेथे प्रवेश घेतल्यास राहण्याचा खर्च किती येईल आणि शिकविण्याची भाषा कोणती असेल, ही चौकशी त्याने शुल्काआधी केलेली बरी.