पुडी कुणाची, बेडी कुणाला?

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, कोकेन हा मलबार हिलचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं? आपला प्रश्न भाकरीचा. मी गोदीत ओझं उचलतो. मी सांगतो, हा प्रश्न आपलाच आहे आणि भाकरीचाच आहे.

इतिहास बघा. १५४५ साली दक्षिण अमेरिकेत पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पॅनिश गोऱ्यांनी तिथल्या आदिवासींना खाणीत ढकललं. कोकाचं पान हे लोक पिढ्यान्‌पिढ्या चघळत आलेले. पाद्री आधी बोंबलले, हे पान सैतानाचं. पण पान तोंडात असलं की भूक मरते, माणूस उपाशीपोटी खणत राहतो, हे मालकाला कळलं. मग सैतान गेला चुलीत. पानावर कर बसला, धंदा जोरात सुरू झाला.

१८६० च्या सुमारास जर्मनीत नीमान नावाच्या रसायनतज्ज्ञानं त्या पानातनं भुकटी वेगळी काढली. औषध कंपन्यांनी ती जगभर विकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या मुंबई-कलकत्त्यातही ती विड्यात घालून खात.

आता गोदीचं ऐका. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या धक्क्यावरचे काळे हमाल १८९० नंतर कोकेन घेऊ लागले. कशासाठी? पाळीवर पाळी ओढता यावी म्हणून. नफा मालकाचा, झिजली ती हमालाची हाडं. आणि बदनाम कोण? १९१४ साली न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं, कोकेन घेतलेला काळा माणूस हाच दक्षिणेचा नवा धोका. १९८६ साली कायदा झाला. काळ्यांच्या गरीब वस्तीत खपणाऱ्या क्रॅकच्या ५ ग्रॅमला किमान पाच वर्षं तुरुंग. तेवढीच शिक्षा श्रीमंतांच्या भुकटीला व्हायची तर ५०० ग्रॅम लागत. माल एकच. तराजू वस्ती बघून झुकतो! २०१० साली फरक कमी केला, मिटवला नाही.

आता इकडं या, बारामती-इंदापूरकडं. हातभट्टी म्हटलं की पोलिसांची गाडी पहिली पारध्याच्या पालावर. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला, शिक्का तेवढा राहिला. आणि मोठा माल कुठं शिजत होता? बारामतीला लागूनच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तिथं बनलेली एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडली. कुरकुंभ, पुणे, सांगली, दिल्ली मिळून १,७०० किलोंच्या वर. एमडीला गरिबाचं कोकेन म्हणतात. त्याच पुणे-सोलापूर रस्त्यावर पुढं चिंचोळी एमआयडीसी. तिथल्या औषध कारखान्यातनं २०१६ साली टनांनी इफेड्रिन निघालं. मधे आपलं इंदापूर. दोन्हीकडं पाल नव्हतं. परवाना होता, यंत्रं होती, शिकलेली डोकी होती.

बंदरातही तेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा-शेवाला दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरात ५० किलो कोकेन सापडलं. एवढा माल मागवणं हमालाच्या ऐपतीतलं आहे का?

पण रस्त्यावर पुडी पोचवतो कोण? ज्याला शाळेनं सोडलं, कारखान्यानं घेतलं नाही, तो आपला पोरगा. पाचशे रुपयांसाठी तो खिशात दहा वर्षांचा तुरुंग घेऊन हिंडतो. १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातनं सूट मिळू शकते. कोकेन आणि एमडीसाठी हे अल्प प्रमाण २ ग्रॅम. मोठ्या बापाच्या पोराचा वकील हे पहिल्या दिवशी सांगतो. आपल्या पोराला कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतोय.

तेव्हा भावांनो, पुडी ओढू नका, पोचवूही नका. ती आपल्याला मारायलाही कामी येते आणि बदनाम करायलाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटा मागा, मोर्चा काढून मागा. आणि वस्तीवर धाड आली की साहेबाला तोंडावर विचारा : कारखान्याच्या परवान्यावर सही कुणाची?