उथळ पाण्यासाठी लवचिक काठीच हवी

अमेरिकेतल्या टेनेसीत फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडातून ‘बिग ओ’ हे गुबगुबीत आमिष हाताने कोरले. १९७०च्या दशकात कॉटन कॉर्डेल यांनी ते प्लास्टिकमध्ये आणले. उथळ पाण्यातल्या बास मासेमारीत अशा आमिषांची, म्हणजे क्रँकबेटची, चलती आजही आहे. नवखे हौशी मात्र रंगीबेरंगी आमिषांवर पैसा उधळतात आणि काठी ताठ ग्रॅफाइटची घेतात. ही चूकच.

पुढे चौकोनी ओठासारखी पट्टी असलेले क्रँकबेट बुडालेल्या ओंडक्यांवर आपटत यायला हवे. बास झडप घालतो तेव्हा फायबरग्लासची काठी सावकाश वाकते. तिहेरी गळ जबड्यात रुतायला अवधी मिळतो. ताठ काठीच्या हिसक्याने गळ निसटतो. चार वेळा बासमास्टर क्लासिक ही मासेमारी स्पर्धा जिंकलेले रिक क्लन हेही फायबरग्लासचेच पुरस्कर्ते.

दोरा १२ ते १७ पौंडांचा पुरे. ओंडक्यांना घासून तो खरवडला की टोक कापून गाठ नव्याने मारावी.