पन्हाळ्याचा रस्ता, देवबागची वाळू

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळगडाचा मुख्य रस्ता खचला आणि गडावर वाहने जाणे बंद झाले. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या पावसातही याच रस्त्याने दगा दिला होता. लॉजच्या खोल्या जागेवर होत्या, चुली शाबूत होत्या. पर्यटक मात्र खालीच अडकला आणि धंदा बसला.

आपल्या पर्यटन व्यवसायाचे खरे भांडवल कशात आहे, हे त्या पावसाने दाखवून दिले. गडावरच्या झुणका-भाकरीच्या एका ताटाचेच पाहा. भाकरीचे पीठ, खर्ड्याची मिरची, मडक्यातले घट्ट दही यांतले बरेचसे पायथ्याच्या गावांतून वर चढते. ताटाचे पैसे टपरीवाल्या ताईंच्या हातात पडतात आणि आठवडाभरात दूधवाल्याकडे, गिरणीवाल्याकडे, वडाप जीपच्या चालकाकडे पोहोचतात. रस्ता बंद पडला की ही साखळी एका दिवसात तुटते. पंचनाम्यात पडलेली भिंत लिहिली जाते, उडालेले पत्रे मोजले जातात. रद्द झालेल्या बुकिंगसाठी त्या कागदावर रकाना नसतो.

पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे. तो पाणी पितो, खालच्या मऊ मातीच्या थराशी ते पाणी अडते आणि उताराच्या कडेने वाट काढू लागते. गटार तुंबलेले असेल, उतार खणून बांधकाम उभे केले असेल, तर त्या पाण्याला रस्त्याखालची भर पोखरायला वेळ लागत नाही. त्यात पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले. त्याचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून बाष्प आणणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांशी जोडला.

त्याच समुद्राने कोकणातल्या आपल्या व्यवसायबंधूंनाही घेरले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मालवण तालुक्याला झोडपले. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला तर दोन्हीकडून पाण्याचा धाक आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या पाहणीनुसार देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे; महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे पाव हिश्शाचे आहे. तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवासांचे भाडे, स्कूबाची फी, माशाच्या थाळीचा दर, सगळे त्या वाळूवर उभे आहे. तरीही खोलीतून समुद्र मोकळा दिसावा म्हणून वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटली जाते. मग लाट अंगणात येते आणि दगडी बंधाऱ्याची मागणी होते. बंधारा घर वाचवतो खरा, पण त्याच्यापुढची वाळू बहुतेक वेळा ओसरत जाते. ज्या वाळूसाठी पाहुणा यायचा, तीच मग उरत नाही. वेल लावणे आणि राखणे बंधाऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

घाटावर आणि किनाऱ्यावर हंगामाचे गणित मात्र उलटे चालते. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद असते. पन्हाळ्यावर नेमक्या त्याच दिवसांत धुक्याच्या ओढीने पर्यटक येतात आणि पावनखिंडीच्या पदभ्रमंतीची गर्दी जुलैतच होते. म्हणजे गडाच्या कमाईचे दिवस आणि धोक्याचे दिवस एकच. कोल्हापूर आणि मालवणच्या व्यावसायिकांनी एकमेकांची बुकिंगे फिरवून घेतली, हंगामी कामगार वाटून घेतले, तर एका बाजूला रस्ता किंवा किनारा बंद पडला तरी माणसांची रोजी पूर्ण बुडणार नाही. असा करार व्हायला सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत पन्हाळा आहे, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. गर्दी वाढणार, हे उघड आहे. ती सगळी गर्दी स्वतःच्या गाड्यांतून गडावर चढवायची का, याचा निर्णय हॉटेलचालकांनी आताच घ्यायला हवा. आमच्या मते गाड्या पायथ्याशी थांबाव्यात आणि वर छोट्या बस चालाव्यात. सुरुवातीला काही ग्राहक कुरकुरतील. पण खचलेल्या रस्त्याने होणारे नुकसान त्याहून फार मोठे आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. गडावर येणाऱ्यांकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते. त्यातला ठरावीक हिस्सा गटारे, उतार आणि रस्त्याच्या भरीसाठीच राखून ठेवावा, ही मागणी पुढचे अंदाजपत्रक सभेपुढे येण्याआधी लेखी गेली पाहिजे. ती भक्कम व्हायची तर प्रत्येकाच्या रोजमेळात दोन रकाने वाढवावे लागतील: पावसामुळे रद्द झालेल्या खोल्या आणि रस्ता बंद असल्याने गेलेले दिवस. या नोंदी या जूनपासूनच सुरू कराव्यात आणि दर महिन्याला एकत्र करून नगरपरिषदेकडे व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्याव्यात.